एरर दाखवणं बंद केलेली शेगडी

गेल्या रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात शेजारच्या अक्का दारात उभ्या. हातात टॉवेलात गुंडाळलेली इंडक्शन शेगडी.

“भाऊ, हिला जरा बघा की.”

“काय, एरर दाखवतीय का?”

“नाही ओ, तेच तर. आधी दाखवायची. दुकानात नेऊन दुरुस्त करून आणली, तेव्हापासून कधीच दाखवत नाही. पण तेल लई धुरतंय. काल वडे तळताना एवढा धूर झाला, नातीनं पळत येऊन पिन ओढली म्हणून बरं.”

मी उठून बसलो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी ३१ वर्षं जॉबर होतो. माग थांबला की हाक जॉबरला. त्यामुळं थांबलेल्या मशीनची मला कधी भीती वाटली नाही. जिथं थांबायला पाहिजे तिथं जे थांबत नाही, त्याची मात्र वाटते.

अक्कांच्या शेगडीत काय निघालं ते सांगतो. पण त्याआधी आमच्या घरातली शेगडी सांगितली पाहिजे, कारण एरर आला की पडद्यावर उमटणाऱ्या कोडांचं जे काही मला कळतं ते तिनंच शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेला थोरली पुण्याहून आली ती आईसाठी इंडक्शन घेऊनच. गॅस मध्येच संपला तर आईची पंचाईत नको, एवढाच तिचा विचार. दोन हजार वॅटची साधी शेगडी, बटणं दाबायची. हिनं मोठ्या हौसेनं ती ओट्यावर मांडली, हळदी-कुंकू वाहिलं आणि दुधाचं पातेलं ठेवलं. टूं… टूं… टूं. पडद्यावर ‘ई ०’. दूध थंडच.

“बिघडलेलीच आणलीस काय गं?” ही थोरलीला म्हणाली. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

पातेलं जर्मनचं होतं. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि दूध तापवायला तेच पातेलं आईच्या काळापासून. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते, जिलबीसारखी गोल गुंडाळलेली. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलते. शेगडीच्या आतलं सर्किट त्याच विजेला सेकंदाला वीस-तीस हजार वेळा हलवून कॉइलमध्ये सोडतं. त्यानं जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते वरच्या भांड्याच्या बुडात वीज फिरवतं, आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळं. पण हे व्हायला बूड लोखंडी जातीचं पाहिजे. जर्मनला चुंबक धरत नाही, ते विजेला अडवतही नाही, मग तापणार कशानं? शेगडी कॉइलमधून चाचपून बघते, लोखंड सापडलं नाही की थांबते. ‘ई ०’ म्हणजे आमच्या शेगडीच्या भाषेत एवढंच, की मला वर भांडं दिसत नाही.

फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढलं आणि मायलेकींनी सगळी मांडणी रिकामी केली. जे भांडं चुंबक धरेल ते उजवीकडं, न धरेल ते डावीकडं. स्टीलची सगळी भांडी चालतील असं आम्हाला वाटलं होतं. चांगलं जाड, लग्नात मिळालेलं स्टीलचं पातेलं डावीकडं गेलं आणि बाजारातून आणलेली पातळ तपेली उजवीकडं. स्टील दोन जातींचं असतं. निकेल जास्त असलेलं चकचकीत स्टील चुंबकाला दाद देत नाही, आणि साधं चुंबकी स्टील चटकन चिकटतं. किमतीचा इथं संबंध नाही.

एक गोष्ट चुंबकानंही कळली नाही. एका कपाच्या चहाची छोटी पातेली चुंबक धरायची, तरी ‘ई ०’ यायचा. पुस्तिकेत बघितलं तर १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बूड या शेगडीला दिसतच नाही. तेव्हापासून ही माझा एकट्याचा चहासुद्धा दोन कपांच्या पातेल्यात करते.

पुस्तिका हा शब्द आलाच आहे तर कळकळीनं सांगतो, ती टाकू नका. शेगडी आली की खोक्याबरोबर पुस्तिका रद्दीत जाते आणि पुढं एरर आला की लोक शेजाऱ्याला विचारतात. शेजाऱ्याच्या शेगडीवर ‘ई ३’ चा अर्थ एक आणि तुमच्यावर दुसराच. कोडांचा असा काही एकच सरकारी तक्ता नाही. प्रत्येक कंपनी आपापले आकडे लावते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा फरक पडतो. पुस्तिका हरवली असेल तर शेगडी उलटी करा, खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. त्या नंबरावरून कंपनीच्या साइटवर पुस्तिका मिळते. मी आमच्या शेगडीचे सगळे कोड वहीच्या कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. ‘ई ०’ भांडं. ‘ई १’ सेन्सर. ‘ई ३’ वीज जास्त. ‘ई ४’ वीज कमी. ‘ई ५’ काच फार तापली. ‘ई ६’ आतलं सर्किट तापलं. हे आमच्या शेगडीचे आहेत, तुमच्या नव्हे.

पहिलं वर्ष सुखात गेलं. मग मार्चमध्ये सकाळचा ‘ई ४’ सुरू झाला. रोज आठच्या सुमाराला. भात अर्धा शिजलेला आणि शेगडी टूं-टूं करून बंद. दहा मिनिटांनी पुन्हा चालू, पुन्हा बंद. ही म्हणाली, “अहो, हिचं काहीतरी गेलंय, देऊन टाका कुणाला तरी.”

आठ वाजता काय होतं ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. अशोक चौकाच्या पलीकडची आमची वस्ती, घराघरात माग. चहा पिऊन माणसं मागावर उभी राहतात ती वेळ आठची. एकेका मागाला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटर, आणि मोटर सुरू होताना चालण्याच्या कितीतरी पट वीज ओढते. चाळीसेक माग पाठोपाठ सुरू झाले की व्होल्टेज बसणारच. मी मीटर घेऊन बसलो, म्हणजे मल्टीमीटर. कारखान्यातून निवृत्त होताना मोटर-वाइंडिंगवाल्या मित्रानं दिलेला, पिवळ्या खोळीचा.

सकाळी सातला स्वयंपाकघरातल्या सॉकेटला २२१ व्होल्ट. साडेआठला, शेगडी चालू असताना, १६८. आमच्या शेगडीची खालची हद्द पुस्तिकेत १७० दिली आहे. म्हणजे तिचं काही चुकत नव्हतं, ती खरं बोलत होती. मी मागांवर खापर फोडून मोकळा होणार होतो. पण कारखान्यातली सवय, एका जागी मोजून समाधान होत नाही. बाहेर मीटरच्या बोर्डावर जाऊन मोजलं, शेगडी पुन्हा चालू करून. तिथं १८२.

रस्त्यातून घरापर्यंत १८२ येतायत आणि ओट्यावर १६८ पोचतायत. मधले १४ व्होल्ट कुठं गेले? शेगडी तेव्हा आठ अँपिअर ओढत होती. आठ गुणिले चौदा, ११२. म्हणजे आमच्या भिंतीत कुठंतरी शंभर वॅटचा बल्ब लागेल एवढी उष्णता रोज सकाळी निघत होती, आणि बल्ब काही दिसत नव्हता.

मेन बंद करून सॉकेट उघडलं. मागची बाजू तपकिरी झालेली, स्क्रूपाशी प्लॅस्टिक वितळून त्याला थेंब आलेला. वायर जुनी, ॲल्युमिनियमची, स्क्रूखाली ढिली. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं, आणि असं रोज रोज झालं की स्क्रूची पकड सुटत जाते. ढिली झाली की जास्त तापते, तापली की आणखी ढिली. शिवाय ते सॉकेट सहा अँपिअरचं, मिक्सरसाठी बसवलेलं, आणि आम्ही कन्व्हर्टर पिन लावून त्यावर शेगडी चालवत होतो. दोन हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. तिला सोळाचं सॉकेट लागतं, थेट बोर्डापासून तांब्याच्या जाड वायरनं, आणि अर्थिंग. हे मला माहीत होतं. एक वर्ष मी ते मनावर घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून नवी लाइन ओढली. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोळाचं सॉकेट, वेगळा एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली की आपोआप पडणारा स्विच. आता साडेआठला सॉकेटला १८० मिळतात आणि भात शिजतो. तो ‘ई ४’ आला नसता तर एक दिवस भिंतीनं पेट घेतला असता. ही त्या वितळलेल्या सॉकेटकडं बराच वेळ बघत राहिली. मग ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. अजून टाकू देत नाही.

मे उजाडला. आपल्या सोलापूरचा मे काय असतो ते मी सांगायला नको. पारा ४३-४४ वर आणि पत्र्याखालचं स्वयंपाकघर. दुपारी कुकर लावला की दहा मिनिटांत ‘ई ६’. आतलं सर्किट तापलं. सकाळी येत नाही, दुपारीच येतो, म्हणून आम्ही उन्हावर ढकललं. ऊन काय आपल्या हातात आहे? ही पहाटे उठून स्वयंपाक आटपायला लागली. आठवडाभर असं चाललं.

मग एका दुपारी शेगडी चालू असताना मी कान लावला. कारखान्यात तीस मागांच्या खडखडाटात एका मागाचा आवाज बदलला तर जॉबरला कळतो. शेगडीचा पंखा चालू होता, पण आवाज दबका, घुसमटल्यासारखा. मागच्या फटीतून हात धरला, गरम हवेचा झोत जेमतेम. शेगडी बंद केली, पिन काढली, उचलली.

खाली टॉवेल. चार घड्या घातलेला, निळ्या काठाचा, आमच्याच कारखान्याचा. ओट्याच्या फरशीला चरे पडू नयेत म्हणून हिनं पहिल्या दिवसापासून घातलेला, आणि इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसला नव्हता. या शेगड्यांचा पंखा हवा ओढतो तो पोटातून, खालच्या जाळीतून, आणि सोडतो मागून. म्हणून तर तिला खाली पाय असतात, बोटभर पोकळी राहावी यासाठी. त्या पोकळीत आम्ही टेरी टॉवेल कोंबला होता. टेरी म्हणजे दोन्ही बाजूंना उभे फुंदे, पाणी प्यायला चांगले. ते फुंदे दीड वर्षं पंख्यानं ओढून ओढून जाळीला लागले होते.

जाळीवरून बोट फिरवलं तर कापसाची गादी निघाली, नखाएवढी जाड. त्यात टॉवेलचा निळा तंतू, शेजारच्या मागांचा पांढरा, फोडणीच्या तेलकट वाफेनं सगळं चिकटून एकजीव झालेलं. बोटावर घेऊन उजेडाला धरलं. मागाच्या खाली रोज झाडून काढायचो तोच कापूस. ३१ वर्षं मोटरींच्या जाळ्यांवरून मी तो पंपानं उडवत आलो. मोटरीला श्वास घेता आला नाही तर ती जळते हे नव्या पोरांना शिकवत आलो. आणि घरात माझ्या बायकोची शेगडी गुदमरत होती.

जुना दात घासायचा ब्रश, मग सायकलच्या पंपाची हवा. टॉवेल काढला. भिंतीपासून चार बोटं पुढं ओढली. त्याच दुपारी ४४ अंशांत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, ‘ई ६’ नाही. आता दर अमावास्येला ही स्वतः शेगडी उलटी करते आणि ब्रश मारते. मागांची वस्ती असेल, पीठगिरणी शेजारी असेल, घरात कापूस पिंजला जात असेल, तर एवढं करा.

त्याच महिन्यात वळवाच्या पावसात एकदा ‘ई ३’ बघितला. जोराचा वारा सुटला होता, वीज दोनदा लवलवली, आणि शेगडीवर दूध असताना ती टूं-टूं करायला लागली. वर बघितलं तर ट्यूब पांढरीफटक, पंखा असा फिरतोय की उडून जाईल. मी धावत जाऊन मेन पाडला. मग मेनच्या वरच्या बाजूला मोजलं, २९१. खांबावर न्यूट्रल तुटली होती. तीन फेजची वीज घराघरात वाटलेली असते आणि न्यूट्रल सगळ्यांची एकच. ती तुटली की ज्या घरात कमी उपकरणं चालू असतात त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं, पार चारशेच्या दिशेनं जातं. मी गल्लीत ओरडत सुटलो, मेन पाडा, मेन पाडा. ज्यांनी पाडला त्यांचं वाचलं. दोन घरांतले टीव्ही गेले. लाइनमन रात्री येऊन जोडून गेला. व्होल्टेज जास्त असल्याचा कोड दिसला तर पुस्तिका शोधत बसू नका, आधी मेनकडं जा.

तर आता अक्कांची शेगडी.

तिचा कोड होता ‘ई ३’. पण तिच्या कंपनीत ‘ई ३’ म्हणजे काचेखालचा सेन्सर. अक्का सांगत होत्या, थंडीपासून अधूनमधून यायचा, नंतर रोज. गावातल्या एका दुकानात नेली, त्यानं दोनशे रुपये घेतले, एका तासात हातात दिली. “आता कधीच येणार नाही,” म्हणाला. त्यानं शब्द पाळला.

पिन काढून ती अर्धा तास तशीच ठेवली. आत वीज साठवणारा एक कॅपॅसिटर असतो, पिन काढल्यावरही त्यात तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, म्हणून घाई करायची नाही. मग खालचे स्क्रू काढले, सहा. सातवा रबरी पायाखाली होता. काच बाजूला ठेवली. कॉइलच्या मधोमध जिथं सेन्सर असायला पाहिजे, काचेला खालून टेकलेला, पांढऱ्या पेस्टमध्ये बसवलेला, तिथं नुसतं भोक. पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. सेन्सरच्या दोन तारा बोर्डाच्या कोपऱ्यातल्या ज्या कनेक्टरला जातात, तिथं तारा नव्हत्याच. त्याच्या दोन टोकांत एक बारीक रेझिस्टन्स डाग देऊन बसवला होता. चष्मा काढून जवळ धरला. रंगाचे पट्टे तपकिरी, काळा, पिवळा. म्हणजे एक लाख ओहम; ओहम हे वीज किती अडते त्याचं माप.

हे बघितल्यावर माझे हात थांबले.

तो सेन्सर म्हणजे मण्याएवढा थर्मिस्टर असतो. या शेगडीतला २५ अंशांना एक लाख ओहम दाखवतो. तापला की ओहम उतरत जातात. चाळीस अंशांना निम्म्यावर येतात, तळण्याच्या तापमानाला हजार-दोन हजारच उरतात. बोर्ड ते ओहम मोजून ठरवतो की काच किती तापली आणि कधी थांबायचं. त्याजागी कायमचा एक लाख बसवला, की बोर्डाच्या हिशेबानं काच जन्मभर २५ अंशांवर. वर कढईत शेंगतेल धुरायला लागलं, सव्वादोनशेच्या पुढं गेलं, तरी पडद्यामागं पंचवीसच. शेगडीला काही कळायचा मार्गच ठेवला नव्हता. वर अक्कांची नात, इयत्ता सहावी, तिथं उभी.

कारखान्यात हे मी बघितलेलं आहे. मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला किंवा त्याची कांडी संपली की माग आपोआप थांबावा म्हणून एक काटा असतो, आम्ही फोर्क म्हणतो. फणीच्या कडेला दोन-तीन बोटांचा, तारेचा. बाणा घेऊन इकडून तिकडं पळणारा धोटा गेला आणि मागं बाण्याचा धागा असला तर तो धागा फोर्कला ढकलतो, माग चालू राहतो. धागा नसला तर फोर्क ढकलला जात नाही, त्याची शेपटी मागच्या आकड्यात अडकते आणि दांडा ओढला जाऊन माग बंद. दिवसातून कितीदा तरी. मजुरी पिकावर, म्हणजे धोटा जेवढ्या वेळा गेला तेवढी. माग थांबला की माणसाची मजुरी थांबली. मग एखादा नवा पोरगा काय करायचा, फोर्कची शेपटी दोऱ्यानं वर बांधून टाकायचा. माग मग थांबत नाही. धागा असो नसो, खडखड खडखड चालूच. संध्याकाळी टॉवेल उलगडला की आडव्या फटी, हातभर. मी त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. त्या पोरांची गरज मला कळायची. दोरा कापायचो, फोर्क का अडकतोय ते शोधायचो, बहुतेक वेळा तो वाकलेला असायचा, आणि समोर उभं राहून सरळ करून द्यायचो.

पण टॉवेलात फट पडली तर टॉवेल जातो. इथं तापलेल्या तेलाशेजारी पोर उभी होती. दोनशे रुपयांसाठी आणि एका तासाच्या सोयीसाठी कुणी असा दोरा बांधावा, हे मला सहन होत नाही. त्या दुकानात मी गेलो. भांडायला गेलो नव्हतो, सांगायला गेलो होतो. पोरगा चांगला होता, म्हणाला, “काका, सेन्सर मिळत नव्हता, आणि बाईंना लगेच पाहिजे होती.” मी त्याला तो रेझिस्टन्स दिला आणि नातीची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही.

सेन्सर नवी पेठेत मिळाला, चाळीस रुपयांना, तारा आणि कनेक्टरसकट. घेण्याआधी दुकानातच मीटर लावला. दोन बोटांत धरला, आकडा खाली सरकत गेला. फुंकर मारली, वर चढायला लागला. जिवंत आहे. दुकानदाराला मी आधीच सांगितलं होतं की एक लाखवालाच पाहिजे, कारण दुसऱ्या किमतीचेही असतात आणि चुकीचा बसवला तर बोर्ड चुकीचंच वाचतो. सोबत पांढऱ्या पेस्टची छोटी नळी घेतली.

रेझिस्टन्स काढून टाकला होताच. वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि सेन्सर असा बसवला की काच ठेवल्यावर तो खालून घट्ट टेकेल. हे टेकणं फार महत्त्वाचं. मध्ये केसभर जरी हवा राहिली तरी त्याला उष्णता उशिरा कळते.

मग अक्कांना आणि नातीला बोलावलं. शेगडीवर त्यांचा लोखंडी तवा ठेवला, कोरडा, आणि आच पूर्ण लावली. मी पिनेवर हात ठेवून उभा. नात घड्याळाकडं बघत मोजत होती. तव्यातून थोडी निळसर वाफ उठली. अक्का पुटपुटत होत्या, तेलुगूत, बहुधा देवाचं नाव. नात १४० म्हणाली आणि टूं… टूं… टूं. शेगडी बंद. पडद्यावर ‘ई ५’. त्यांच्या पुस्तिकेत ‘ई ५’ म्हणजे काच फार तापली, म्हणून थांबले.

“आला की एरर!” अक्का घाबरून म्हणाल्या.

“आला,” मी म्हणालो. “आता तळा वडे.”

ज्यांना यातलं काम येत नाही त्यांनी शेगडी उघडू नये, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर मुळीच नाही. काचेला तडा गेला असेल तर ती लावूच नका, वरचं पाणी आत उतरतं. पिन लावताक्षणी एमसीबी पडत असेल, तर ते आतलं मोठं काम आहे, जाणत्याकडं द्या. पण दुकानात दिलीत तर परत घेताना एवढं विचारा: काय बदललं, आणि काढलेला भाग कुठं आहे? बदललेला सेन्सर तो तुमच्या हातात देऊ शकला पाहिजे. आणि घरी आणल्यावर स्वतः उभं राहून कोरड्या तव्यावर एकदा बघा, ती थांबते का.

काल संध्याकाळी अक्कांची नात वही घेऊन आली. आमच्या कपाटाच्या दारावरचा कागद तिला तेलुगूत उतरवून आजीसाठी चिकटवायचा होता. मी तिला तो उतरवू दिला नाही, तुमच्या शेगडीची पुस्तिका घेऊन ये म्हणालो. मग दोघं ओट्याशी बसलो, मी वाचत होतो आणि ती लिहीत होती. शेवटी तिनं विचारलं, आजोबा, आजीला वाचायला चष्मा सापडत नाही, ती काय करेल? आम्ही वर, सगळ्यांच्या आधी, मोठ्या अक्षरात एक ओळ घातली: टूं-टूं झालं की आधी तेल उतरव, मग मला हाक मार.